मदत हवी आहे: विजापूर की बिदर?

डिसेंबरात आईसोबत दोन दिवस जायचंय, शहर एकच जमेल. गाडी आपलीच आहे, राहण्याची सोयही बघून ठेवलीय. अडचण आईच्या गुडघ्यांची. सपाटीवर ती आरामात चालते, जिने मात्र तिला जमत नाहीत. गोलघुमटाच्या कुजबुज सज्जापर्यंत बरंच चढावं लागतं, म्हणजे तिला खालूनच पाहावा लागेल. तिथलाच दुसरा मकबरा, इब्राहिम रोजा, तरी जमेल असं वाटतं. माझा ओढा बिदरकडे. बहमनी वजीर महमूद गवानचा १४७२चा मदरसा, त्यावरच्या उरल्यासुरल्या रंगीत फरशा आणि जवळच्या अष्टूरमधल्या बहमनी सुलतानांच्या कबरी मला पाहायच्याच आहेत. फोटो, नकाशे भरपूर पाहिले, पण त्यांतून पायऱ्यांचा अंदाज येत नाही.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगावं: बिदरच्या किल्ल्यात गाडी कुठपर्यंत जाते, आणि रंगीन महालातलं शिंपल्याचं जडावकाम आत जाऊन पाहू देतात का?