जर्मन बालवृंदाच्या परीकथा-गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड: काळ, धुलाई आणि डिजिटल प्रत

आषाढघन

मंडळी, एकाच पेटीत मिळालेल्या दोन जर्मन रेकॉर्डबद्दल मदत हवी आहे. दोन्हींवर लहान मुलांचं वृंदगान आहे आणि गाणी परीकथांची.

पहिली ७ इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची, मोठ्या भोकाची. पाकिटावर 'शाउमबुर्गर मेर्शेनझेंगर' छापलं आहे, साल कुठेच नाही. दुसरी १० इंची, ७८ फेऱ्यांची, जड. तिचं लेबल घासलं आहे, 'किंडरकोर' (बालवृंद) आणि खालच्या कडेला 'स्टाग्मा' एवढंच लागतं. एका बाजूला डोर्नर्‍योसशेन (काट्यांच्या कुंपणातली झोपलेली राजकन्या) आणि दुसऱ्या बाजूला हेन्झेल-ग्रेटेल (जंगलात वाट चुकलेले भाऊ-बहीण) आहे.

अडचणी अशा:
१. ४५ वाल्या रेकॉर्डवर लांब सूर हलतात. 'श', 'स' आले की फाटल्यासारखा आवाज येतो, शेवटच्या गाण्यात जास्त.
२. ७८ वालीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. सॅनिटायझरने पुसावी का?
३. मुक्काम पुणे. टर्नटेबल यूएसबीचं, तिन्ही वेगांचं, सुई नेहमीची स्टीरिओची. याच सुईने ७८ वाजवली तर चालेल?

प्रत जर्मन शिकणाऱ्या मुलांना ऐकवायची आहे, त्यामुळे शब्द स्वच्छ लागले पाहिजेत.

तबकडीवेडा

आधी एकच सांगतो: सॅनिटायझर बाजूला ठेवा. ७८ वाली रेकॉर्ड लाखेची आहे आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदा पुसलीत की खोबणीचा (सुई जिच्यात चालते त्या कोरीव रेघेचा) वरचा थर कापसावर येईल आणि तो परत आणता येणार नाही. धुलाईचं खोबणकार नीट सांगतील, मी काळाबद्दल लिहितो.

'स्टाग्मा' ही जर्मनीतली गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था. हे नाव १९३३ ते १९४७ एवढंच चाललं, पुढे लेबलांवर 'गेमा' येतं. म्हणजे तुमचं लेबल त्या चौदा वर्षांतलं. साहजिकच ही रेकॉर्ड शाउमबुर्गच्या मुलांची असू शकत नाही, कारण तो वृंद दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. दोन्ही एकाच पेटीत मिळाल्या म्हणून एकाच नावाखाली नोंदवू नका. अशा चुका एकदा यादीत शिरल्या की वर्षानुवर्षं फिरत राहतात.

युद्धाच्या वर्षांत लाखेची आयात तुटल्यावर तिथे जुन्या रेकॉर्डचा चुरा नव्या मिश्रणात घालत. त्या काळातली रेकॉर्ड असेल तर तिची खरखर कारखान्यातूनच आलेली आहे आणि ती धुऊन जाणार नाही. (त्याआधीच्या जर्मन रेकॉर्डमधली बरीचशी लाख छोटा नागपूरच्या जंगलातून गेलेली. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरची.)

आता ४५ वाली. शाउमबुर्गर मेर्शेनझेंगर म्हणजे 'शाउमबुर्गचे परीकथा-गायक'. लोअर सॅक्सनीतल्या ओबर्नकिर्शेन गावचा हा वृंद एडिथ म्योलर आणि एर्ना पील्स्टिकर या दोघींनी १९४९ मध्ये उभा केला. १९५३ मध्ये वेल्समधल्या लँगॉलेनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो पहिला आला. तिथे गायलेलं आनंदी भटक्याचं गाणं १९५४ मध्ये ब्रिटनच्या विक्री-यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याची चाल एडिथबाईंचे भाऊ फ्रीडरिश-विल्हेल्म म्योलर यांची. इंग्रजी पाकिटांवर हाच वृंद 'ओबर्नकिर्शेन चिल्ड्रन्स क्वायर' या नावाने येतो, शोधताना दोन्ही नावं टाका.

साल अंदाजायचं तर लेबलावरचा छोटा त्रिकोण बघा. त्यात वेग असतो. जवळपास 'स्टीरिओ' किंवा 'एसटी' असेल तर रेकॉर्ड १९५८ नंतरची. काहीच नसेल किंवा 'एम' असेल तर मोनो (एकाच चॅनलची), पण मोनो रेकॉर्ड साठीच्या दशकातही निघत होत्या, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (ज्या साच्यातून रेकॉर्ड निघाली त्याचा) टॉर्च तिरका धरून वाचा आणि दोन्ही बाजूंचा उतरवून घ्या. पाकिटं बदलतात, हा क्रमांक बदलत नाही.

खोबणकार

धुलाई. दोन्हींची पद्धत वेगळी आहे.

लाखेची (७८): १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे ३ थेंब, जास्त नाही. पाणी साधं, गरम अजिबात नको. रेकॉर्ड पाण्यात बुडवायची नाही. काही जर्मन लाखेच्या रेकॉर्डच्या पोटात पुठ्ठ्याचा किंवा भरड मिश्रणाचा थर असतो. कडेच्या चिरेतून पाणी आत गेलं की तो फुगतो आणि पृष्ठभाग सोलून निघतो. मऊ ब्रश ओला करून खोबणीच्या दिशेने गोल फिरवा, लेबलापासून बोटभर लांब. बुरशीच्या ठिपक्यांवर ओलावा अर्धा मिनिट राहू द्या, मग परत ब्रश. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा फडकं. नळाचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार खोबणीत वाळतो आणि तोच पुढे टिकटिक करतो. भांड्यांच्या स्टँडवर उभी करून पंख्याच्या वाऱ्यात दोन तास, पावसाळ्यात रात्रभर. तोंडाला मास्क बांधा, कोरडी बुरशी उडते. ठिपके गेल्यावरही तिथे चरचर राहिली तर समजा की बुरशीने पृष्ठभाग खाल्ला आहे. पुन्हा पुन्हा घासून उपयोग नाही.

व्हिनाइलची (म्हणजे प्लास्टिकची, ४५): हेच मिश्रण चालतं. बोटांचे तेलकट डाग असतील तर त्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालता येतं. आधी खात्री करा मात्र: कडेवर नखाने टिचकी मारा. व्हिनाइल बद्द वाजतं, लाख टणक वाजते.

खोबरेल तेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवायची जुनी सवय आपल्याकडे आहे. दोन दिवस आवाज कमी येतो, मग त्या तेलात धूळ बसून घट्ट थर होतो. नकोच.

ठेवताना उभी, कागदी पाकिटात. लाखेच्या रेकॉर्डला प्लास्टिक गुंडाळू नका, दमट हवा आत कोंडते आणि बुरशी परत येते.

आता सुई. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. सॉफ्टवेअरवर महिना घालवण्यापेक्षा योग्य सुईवर खर्च करा.

स्टीरिओ सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) त्रिज्येचं असतं. ७८ ची खोबण त्याच्या कितीतरी पट रुंद. ही सुई तिथे तळाशी बसते, तळाच्या कचऱ्यात लोळते आणि भिंतींवरचा सूर तिला नीट लागतच नाही. ७८ साठी साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, खोबणीवर तिचं वजन ३ ते ५ ग्रॅम. तुमच्या कार्ट्रिजसाठी (सुई जिच्यात बसते ती डबी) ७८ ची वेगळी सुई मिळते का बघा, बहुतेकांची मिळते.

४५ मोनो असेल तर तिच्यासाठी २५ मायक्रॉनची. 'श' आणि 'स' फाटतात त्याचं कारण असं: मुलांच्या गाण्यांच्या रेकॉर्ड घरोघर जड पिकअपवर (सुई धरणाऱ्या जुन्या भागावर) शेकडो वेळा वाजल्या. त्या सुया भिंतीच्या एका ठराविक उंचीवर घासल्या आणि जिथे कंपनं सर्वांत बारीक तिथेच झीज झाली. जर्मन शब्दांत 'श्ट', 'श्प', 'त्स' पदोपदी येतात, म्हणून ती झीज शब्दांवर ऐकू येते. आतल्या बाजूला सुईखालून खोबण हळू सरकते, तेवढ्याच वेळाची कंपनं कमी जागेत कोंबलेली असतात, त्यामुळे शेवटचं गाणं सर्वांत वाईट. वेगळ्या त्रिज्येची सुई त्या झिजलेल्या पट्ट्याच्या वर किंवा खाली टेकते आणि कधी कधी तिथली भिंत जवळजवळ कोरी सापडते. फरक पहिल्याच ओळीत कळतो.

वजन कमी करून आवाज सुधारेल असं वाटतं, पण उलट होतं. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि राहिलेली भिंतही खरवडते. कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ ठेवा.

आषाढघन

खूप आभार. मॅट्रिक्स क्रमांक उतरवले. ४५ वर 'एम' आहे, म्हणजे मोनो. सूर हलतात त्याचं काय? टर्नटेबल बिघडलंय की मुलंच बेसूर?

पंचम

घड्याळ लावून मोजा. ४५ फेऱ्यांना एक फेरी १.३३ सेकंदाची होते. सूर बरोबर तेवढ्या अंतराने वर-खाली होत असेल तर भोक मध्यावर नाही. ३३ वर हे अंतर १.८ सेकंद, ७८ वर ०.७७. अंतर अनियमित असेल तर बेल्ट सैल आहे. आणि सूर फक्त हळूहळू उतरत जात असेल तर ती मुलंच, साथीशिवाय गाणारा वृंद कडव्यागणिक थोडा उतरतोच. ते दुरुस्त करू नका, ती त्या दिवशीची खरी गोष्ट आहे.

भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं तरी आतल्या खोबणीत, मध्यापासून ६० मिमीवर, सूर दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ टक्के हलतो. म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. ढोलकीच्या गाण्यात हे खपून जातं, वीस मुलांनी एक स्वर धरला की लगेच कळतं. मोठ्या भोकाचा इथे फायदा आहे. भोक ३८ मिमीचं, त्यात अडॅप्टर (मोठं भोक भरणारी चकती) थोडा सैल करून रेकॉर्ड सरकवता येते. रेकॉर्ड फिरत असताना टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) डोक्याकडे बाजूने बघा. ते डावी-उजवीकडे डोलतं. फिरणं थांबवून रेकॉर्ड केसभर सरकवा, परत बघा. डोलणं थांबलं की अडॅप्टरच्या कडेला कागदी टेपचा तुकडा लावून तिथेच पक्की करा.

वेग तपासायला स्ट्रोबची रेघांची चकती छापून घ्या, ५० हर्ट्झच्या विजेसाठीची. वेग बरोबर असला की दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात. ३३⅓ साठी १८० रेघा, ४५ साठी १३३, ७८ साठी ७७. एलईडी दिव्याखाली बहुतेक वेळा रेघा स्थिर दिसत नाहीत, इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखालीही नाहीत. जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब किंवा टेस्टरसारखा निऑनचा दिवा लागतो. ७७ रेघांनी ७७.९२ फेऱ्या मिळतात. ६० हर्ट्झच्या देशांत हाच आकडा ७८.२६ असतो. हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यावर डोकं खपवू नका.

ध्वनिमुद्रण: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज −६ डेसिबलच्या वर नको. मोनो असली तरी दोन्ही चॅनल घ्या. मूळ फाइल जशीच्या तशी जपा आणि काम प्रतीवर करा. मग या क्रमाने:

आधी डावा आणि उजवा वेगवेगळा ऐका. एक भिंत जास्त झिजलेली असते. फरक मोठा असेल तर चांगला असेल तोच चॅनल ठेवा, सारखे असतील तर दोन्हींची बेरीज करून मोनो करा. मोनो रेकॉर्डमध्ये सूर आडव्या हालचालीत असतो, उभ्या हालचालीतली खरखर बेरजेत आपोआप कटते. एवढ्याने बरंच काम होतं.

मग टिकटिक काढा. त्यानंतर टोन. ७८ साठी इथे सांभाळायचं: तुमचं यूएसबी टर्नटेबल एलपीचा आरआयएए वक्र (वाजवताना वरचा-खालचा आवाज समतोल करायचं ठरलेलं प्रमाण) लावतं. तो १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो, आणि त्या काळच्या युरोपीय ७८ वर सहसा वरचा आवाज वाढवून कोरलेलाच नसायचा. म्हणून तुम्हाला ती कांबळ्याखालून गातेय असं वाटेल. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या फिल्टर कर्व्हमध्ये आरआयएए उलटवा आणि खालचा वाकण-बिंदू (ज्याच्या खालचा आवाज कमी करून कोरलेला असतो) २५० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान कानाने ठरवा.

खालची घरघर: फक्त मुलांचे आवाज असतील तर १०० हर्ट्झखालचं निर्धास्त कापा, मुलं त्याच्या वरच गातात. पियानो किंवा गिटार असेल तर ४० वर थांबा.

खरखर कमी करणारं फिल्टर शेवटी, ६ डेसिबलपर्यंतच. त्याला 'श' आणि खरखर यांतला फरक कळत नाही. जास्त लावलंत तर मुलं पाण्याखालून गाताहेत असं होतं. थोडी खरखर राहू द्या, कान दोन मिनिटांत ती विसरतो.

तबकडीवेडा

प्रत वर्गात ऐकवणं ठीक. नेटवर चढवायची असेल तर ध्वनिमुद्रणाचा आणि गाण्याचा हक्क वेगळा मोजा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. रचनेचा भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६०, जर्मनीत ७०. पारंपरिक गाण्यांना अडचण नाही, पण फ्रीडरिश-विल्हेल्म म्योलर १९९३ मध्ये गेले, त्यांच्या चाली अजून हक्कात आहेत.

रानगुलाब

शब्दांबद्दल थोडं, कारण तेच मुलांना ऐकवायचे आहेत.

'हेन्झेल-ग्रेटेल' नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि सूचीत त्यांची सरमिसळ होते. एक म्हणजे दोघं जंगलात वाट चुकतात तिथून सुरू होणारं लोकगीत, एकच चाल, कडव्यांत सगळी कथा. दुसरी एंगेलबर्ट हुम्परडिंक यांच्या ऑपेरातली गाणी. तिची संहिता त्यांच्या बहिणीची, आडेलहाइड वेटे यांची. सुरुवात घरच्या मुलांच्या खेळासाठी केलेल्या चार गाण्यांतून झाली आणि २३ डिसेंबर १८९३ ला वायमारमध्ये रिशार्ड स्ट्राउस यांच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला. तुमच्या रेकॉर्डवर चौदा देवदूतांची झोपण्यापूर्वीची प्रार्थना किंवा भावा-बहिणीचं नाचाचं गाणं असेल तर ते ऑपेरातलं. प्रार्थना मुळात दोघांचं युगुलगान आहे, वृंदासाठी ती बसवून घेतात.

जंगलात एका पायावर उभा, लाल झग्यातला आणि काळ्या टोपीचा माणूस हे कोडंही ऑपेरात येतं. ते शब्द हॉफमान फॉन फालर्सलेबेन यांचे, १८४३ चे. मुलांना विचारलंत तर ती 'लाल टोपीची कुत्र्याची छत्री (अळंबी)' म्हणतील, पुष्कळ जर्मनही तेच म्हणतात. उत्तर रानगुलाबाचं फळ आहे, काळी टोपी म्हणजे फळाच्या टोकाला राहिलेला वाळका भाग.

डोर्नर्‍योसशेन फेर धरून खेळायचं गाणं आहे. मधली मुलगी राजकन्या, बाहेरून दुष्ट परी येते, फेरातली मुलं हात वर करून कुंपण होतात. प्रत्येक कडव्यात एकच वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा येतो, म्हणून नव्या विद्यार्थ्याला ऐकायला हे सर्वांत सोपं. कडव्यांमधल्या छोट्या विश्रांती कापून टाकू नका, त्या खेळातल्या हालचालींसाठी आहेत.

टिकटिक काढताना कसोटीला हेन्झेल-ग्रेटेलमधल्या चेटकिणीची ओळ घ्या, 'क्नुस्पर, क्नुस्पर, क्नॉयशेन'. जर्मनमध्ये 'क्न' मधले दोन्ही वर्ण उच्चारतात. टिकटिक काढणारं फिल्टर 'क' आणि 'ट' चा स्फोट टिकटिक समजून खातं आणि मग 'नुस्पर' ऐकू येतं. तसं झालं तर संवेदनशीलता कमी करा आणि त्या ओळीतल्या टिकटिकी एकेक करून हाताने काढा.