प्रमेय पाठ आहे, पण सिद्धता स्वतः लिहायला बसलं की अडकते

अपूर्णांक:
बीएड दुसरं वर्ष, गणित मेथड. पुढच्या आठवड्यात नववीवर पाठ आहे, समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय, म्हणजे एबी आणि एसी बाजू एकरूप तर कोन बी आणि सी एकरूप. पुस्तकातली सिद्धता पाठ आहे, कोन ए चा दुभाजक काढायचा, बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने दोन त्रिकोण एकरूप, झालं. पण काल पुस्तक मिटून व्यत्यास करायला बसले, म्हणजे कोन बी आणि सी एकरूप दिलेत, बाजू एकरूप दाखवायच्या, तर दुसऱ्याच ओळीत एबी = एसी लिहून मोकळी! जे साध्य तेच धरून चालले होते, मैत्रिणीने दाखवलं तेव्हा कळलं. बीएस्सीला गणितच होतं माझं, फार वाईट वाटलं. आणि मुलांनी विचारलं, मॅडम ही रेघ सुचली कशी, तर काय सांगू?

काटकोन:
अगं प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिही, कारण सापडलं नाही तर ती ओळ खोड, एवढी एकच सवय लाव. रेघेचं म्हणशील तर साध्यापासून उलटं ये. दोन बाजू एकरूप हव्यात, म्हणजे त्या दोन एकरूप त्रिकोणांत बसायला हव्यात, आपल्याकडे त्रिकोण एकच, मग त्याचे दोन करायचे आणि एबी एकात, एसी दुसऱ्यात यायला रेघ ए मधूनच निघणार. आता व्यत्यासात दुभाजकाऐवजी मध्यगा, म्हणजे ए पासून बीसीच्या मध्यापर्यंतची रेघ, काढून बघ. दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन मिळतो, तशी कसोटीच नाही, अडकतं. दुभाजक घेतला की कोकोबाने (कोन-कोन-बाजू) सुटतं. हे अडकणं वर्गात मुद्दाम दाखव, पाठ केलेल्या सिद्धतेत ते कधी दिसतच नाही.

त्रिज्या:
माझी गाडी बीजगणितात अडली होती. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, यावर पाठ होता. आधी ३+५, ७+९ करून दाखवलं, मग फळ्यावर २के+१ अधिक २के+१ बरोबर ४के+२, म्हणून सम. एक मुलगी उठून म्हणाली, सर मग दोन्ही संख्या सारख्याच झाल्या ना? खरंच की, ३+५ चे ८ माझ्या ४के+२ मध्ये बसतच नव्हते. दुसऱ्या संख्येला २एम+१ घ्यायला हवं होतं. आणि नुसत्या उदाहरणांवर तर जाऊच नका, एनचा वर्ग + एन + ४१ मध्ये एन ० ते ३९ घाला, दर वेळी मूळ संख्या येते, ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग.

अपूर्णांक:
मध्यगा काढून पाहिली, तिसऱ्या ओळीला अडकले आणि का अडकले ते कळलं सुद्धा. पाठ टाचण आज रात्री परत लिहिते, आधी मध्यगा, मग दुभाजक. ३५ मिनिटांत बसेल का दोन्ही?

काटकोन:
बसेल, आकृत्या कार्डशीटवर आधीच काढून ने.