निवृत्तीनंतरची वसुली: नंतरचं हमीपत्र आड येईल का?

नागपुरातल्या राज्य शासकीय कार्यालयातून माझे एक सहकारी गट क पदावरून निवृत्त झाले. जिल्हा परिषद नव्हे, म्हणजे दाद मॅटकडेच (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण). वेतन पडताळणी पथकाने 2006 च्या वेतननिश्चितीवर आक्षेप काढला आणि ग्रॅच्युइटीतून थेट वसुलीचा आदेश. नोटीस नाही, सुनावणी नाही. चूक आस्थापना शाखेची. माहिती लपवलेली नाही. अभिवेदन दिलंय, पोच आहे, उत्तर शून्य.

सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल (2014) बाजूने आहे: गट क आणि निवृत्त कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली नको. पण सातव्या वेतन आयोगाच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ या छापील हमीपत्रावर सही झालीय (कोण वाचतो!), त्यामुळे त्याच न्यायालयाचा जगदेव सिंग निकाल (2016: हमीपत्र दिलं असेल तर वसुली चालते) पुढे केला जाणारच. 2006 चं हमीपत्र मात्र सेवापुस्तकात नाही.

नंतरचं हमीपत्र आधीच्या चुकीला लागू होतं का? तसा नागपूर खंडपीठाचा निकाल कुणाकडे आहे? आणि अभिवेदनानंतरचे सहा महिने न थांबता स्थगिती मिळते का?