इस्लामी अर्थव्यवस्था ही भांडवलशाही आणि समाजवाद यांच्यामधली वाट आहे का?

प्रश्न: इस्लामी अर्थविचारात खासगी मालमत्ता आणि नफा मान्य आहेत, मात्र व्याज निषिद्ध आहे आणि वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठरावीक मर्यादेवरील संपत्तीवर अडीच टक्के जकात, म्हणजे गरिबांसाठीचे अनिवार्य धार्मिक दान, द्यावी लागते (आपल्याकडच्या पूर्वीच्या नाक्यावरच्या जकातीशी गल्लत नको). मग तिला मधली वाट म्हणावे का?

प्रतिसाद १: तत्त्वात म्हणता येईल, व्यवहारात मला शंका आहे. ‘मुदारबा’ या करारात एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरल्या प्रमाणात वाटला जातो आणि पैशाचा तोटा भांडवलदार सोसतो. प्रत्यक्षात मात्र ‘मुराबहा’च अधिक चालतो. समजा, बँकेने 10 लाखांची मोटार स्वतः विकत घेऊन ग्राहकाला हप्त्यांवर 12 लाखांना विकली, तर वरचे 2 लाख व्याजासारखेच दिसतात. फरक एवढाच की किंमत एकदा ठरली की हप्ता थकला तरी ती वाढत नाही.

प्रतिसाद २: जकात सरकारने वसूल केली की काय होते, ते पाकिस्तानात दिसले. 1980च्या अध्यादेशानुसार बचत खात्यांतून रमजानच्या आरंभी जकात कापली जाऊ लागली, तेव्हा अनेक खातेदार आदल्या दिवसांतच पैसे काढून घेऊ लागले. शिया समाजाने तीव्र विरोध केल्यावर त्यांना सूट द्यावी लागली.

प्रश्नकर्ता: म्हणजे समाजवादी वाटणारा भागच सक्तीमुळे अडखळला. मुदारबा मागे का पडला?

प्रतिसाद १: उद्योजकाने नफा कमी दाखवला, तर बँकेला हिशेब तपासत बसावे लागते, मोटार मात्र डोळ्यांसमोर असते.