एनआरएफ२४ रेडिओ मॉड्यूल बोट ठेवलं की चालतं, काढलं की बंद! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. वडील दोन वाजता उठतात, बॅटरी घेऊन मळ्यात जातात आणि जमिनीत ओल दिसली की ठिबक सुरू न करता तसेच परत येतात. म्हणून कांदेबागेत (केळीचीच एक लागवड) ओलीचा सेन्सर लावायचा आणि त्याचा आकडा घरी बघायचा, एवढाच उद्योग मांडलाय. अंतर पावलांनी मोजलं, अडीचशे मीटर भरतं.

शेतात अर्दुइनो नॅनो बोर्ड (यूएसबीसाठी सीएच३४० चिप असलेला स्वस्तातला), घरी अर्दुइनो उनो. दोन्हीकडे लांब अँटेनावालं एनआरएफ२४एल०१ प्लस, म्हणजे पीए-एलएनए (सिग्नल वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर असलेलं). पिनांची जोडणी: सीई ९, सीएसएन १०, मोसी ११, मिसो १२, एससीके १३. व्हीसीसी, म्हणजे मॉड्यूलची पॉवरची पिन, बोर्डाच्याच ३.३ व्होल्ट पिनवर. ५ व्होल्टवर एक मॉड्यूल आधीच गेलंय, तो विषय नको.

दोन्ही बोर्ड टेबलावर शेजारी ठेवले तरी दहातली चार-पाचच पॅकेट पोचतात. मॉड्यूलवर बोट टेकवलं की मात्र धडाधड यायला लागतात! आई म्हणते, मग बोट ठेवूनच बस. आणखी एक कोडं: नॅनो 'फेल' म्हणतो, पण तोच आकडा उनोच्या सिरियल मॉनिटरवर आलेला असतो. मीटर लावला तर ३.२८ व्होल्ट, जराही हलत नाही. म्हणजे पॉवर ठीक असावी. मग कोडच्या लायब्ररीत दोष आहे की मॉड्यूलच डुप्लिकेट? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

भाऊ, इथे मीटर फसवतो. ३२ बाइटचं पॅकेट २५० केबीपीएसला पाठवायला दीड मिलिसेकंदही लागत नाही. तेवढ्यात व्होल्टेज बसतं आणि परत उठतं, मीटरला पत्ताही लागत नाही. पीए-एलएनए पाठवताना शंभराच्या वर मिलिअँपिअर ओढतं, उनोच्या ३.३ पिनची मर्यादा ५०. तुमच्या नॅनोत तर ते ३.३ सीएच३४० च्याच पोटातून येतं, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

'फेल'चं कोडंही त्यातलंच. घरचं मॉड्यूल नुसतं ऐकत नाही, पॅकेट मिळाल्याची पोच परत पाठवतं. तुमचा आकडा येतो, पोच अडकते. त्यामुळे इलाज दोन्हीकडे करा.

आठ पिनच्या सॉकेटची ३.३ व्होल्ट अ‍ॅडाप्टर पाटी मिळते, वर १११७ रेग्युलेटर (५ चे ३.३ व्होल्ट करणारा) असतो. तिला ५ व्होल्ट द्या. शिवाय १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या व्हीसीसी-जीएनडी (ग्राउंड) पायांनाच सोल्डरचा डाग द्या, पट्ट्याची बाजू जीएनडीला. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला खोचलेला कपॅसिटर असून नसल्यासारखा. सिग्नलच्या पिना ५ व्होल्ट सहन करतात, त्यांना हात लावू नका.

खर्च करण्याआधी कोडमध्ये पॉवर लेव्हल 'मिन'वर, म्हणजे सगळ्यात कमी, ठेवून बघा. तिथे सुधारलं तर दुखणं पॉवरचंच.

धागाकर्ता

'मिन'वर शंभरातली अठ्ठ्याण्णव आली! जळगावहून पाट्या आणतो. शेतात १८६५० लिथियम सेल आहे, नॅनोला बूस्टरने ५ व्होल्ट करून देतो. पाटी थेट सेलवर लावली तर चालेल का? बूस्टरवरचा भार कमी होईल.

प्रतिसाद २

नको. १११७ स्वतःच एक व्होल्टच्या आसपास खातो. सेल ३.७ वर आला की मॉड्यूलला तिनाच्या खालीच मिळणार. बूस्टरवरच राहू द्या.

खरी अडचण पुढे आहे. केळीच्या पानात पाणीच पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात जिरते. बाग डोक्यावर गेली की आतून अडीचशे मीटर विसरा. दोन्ही अँटेना पानांच्या वर घ्या. आणि नेटवरच्या उदाहरणांत चॅनल १०८ दिसतो तो तसाच उचलू नका. आपल्याकडे विनापरवाना पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो. चॅनलचा आकडा म्हणजे २४०० च्या वरचे मेगाहर्ट्झ, म्हणून ८३ च्या आतच.

धागाकर्ता

दोन्हीकडे पाट्या आणि कपॅसिटर बसवले. शेतातली अँटेना पाइपावर पानांच्या वर चढवली, घरची गच्चीवर. चॅनल ७६. परवा रात्री आकडा घरबसल्या आला, पण अगदी कोरडा. वडील तरीही बॅटरी घेऊन गेलेच, हाताने माती उकरून आले. म्हणाले, सेन्सर दोन ड्रिपरच्या मधोमध रोवलाय, ओल दिसेल कशी? आज तो काढून ड्रिपरखाली लावतो.