पाणी घातलं म्हणून निर्धास्त राहू नका

एकांनी म्हटलंय की ब्लेंडिंग टाकीत पाणी मिसळून स्पिरिट (इथेनॉल) ४० टक्क्यांवर आणलं की आगीची चिंता मिटली, हॅझॉप (काय काय बिघडून धोका होऊ शकतो याची पद्धतशीर तपासणी) फक्त साठवण टाक्यांचा करावा. मुंबईत तरी हे पटत नाही. ४० टक्के मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, साधारण २६ अंश सेल्सिअस. मे महिन्यात आपल्या शेडमध्ये पारा कुठे असतो ते सांगायला नको.

साठवण टाकीचं तर विचारूच नका. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असली की पेट घेऊ शकते, आणि ३० अंशांना टाकीतल्या मोकळ्या जागेत ती १० टक्क्यांच्या आसपास असते. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट की सहसा पेटत नाही; इथे बारा महिने पेटण्याच्या टप्प्याच्या बरोबर मधोमध! म्हणून ठिणगीचा विचार आधी. भरणीचा पाइप तळापर्यंत न्या, वरून धो धो ओतणं नको, अर्थिंग मोजून बघा. हवेचे बुडबुडे सोडून ढवळायची जुनी सवयही सोडा, पंपाने फिरवा.

आग विझवायचा फोम अल्कोहोल-रोधकच घ्या, साधा स्पिरिटवर टिकत नाही. आणि फ्लेम अरेस्टरची (टाकीच्या हवेच्या वाटेवर बसवलेल्या, ज्वाला आत जाऊ न देणाऱ्या साधनाची) जाळी खाऱ्या हवेत गंजून तुंबली, तर उपसा पंप सुरू झाल्यावर हवा आत न आल्याने टाकी आत चेपू शकते. ती साफ कोण करणार, हे ड्रॉइंगच्या टप्प्यावरच ठरवा.