फायराबेंड विज्ञानाचा शत्रू होता का?

कुंपणावरचा
१९७५ साली अमेरिकेत १८६ शास्त्रज्ञांनी फलज्योतिषाविरुद्ध एक निवेदन काढलं. सही करणाऱ्यांत १८ नोबेलवाले. विज्ञानाचा तत्त्वज्ञ पॉल फायराबेंडने ज्योतिष सोडून त्या निवेदनालाच झोडपलं. ज्योतिषाचा त्याला स्वतःला कंटाळा होता. त्याचं म्हणणं एवढंच की अभ्यास करून खोडून काढा, सह्यांचा धाक कशाला? खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगननेही त्या निवेदनाचा सूर हुकूमशाही वाटतो म्हणून सही केली नव्हती. सेगनला कुणी विज्ञानाचा शत्रू म्हणत नाही, मग यालाच का?

तर्कट
कारण 'काहीही चालेल' हे याचंच वाक्य. उद्या कुणी अंगारा लावून कॅन्सर बरा करतो म्हणाला, तर तेही चालेल का?

कुंपणावरचा
ते त्याचं तत्त्व नव्हे हो. विज्ञानाला एकच पद्धत असते असं मानणारा माणूस इतिहासात डोकावला, की घाबरून त्याच्या तोंडून एवढंच निघेल, असं तो म्हणतो.

बोलोन्याचंच घ्या. एप्रिल १६१०, गॅलिलिओ दुर्बीण घेऊन विद्वानांना दाखवायला गेला. जमिनीवरचं सगळं झकास दिसलं. आकाशाकडे वळवली तर काही तारे एकाचे दोन! हॉर्की नावाच्या तरुणाने खगोलशास्त्रज्ञ केपलरला तसं कळवूनही टाकलं. त्या रात्री कुणी 'निरीक्षण फसलं की सोडून द्या' ही पाठ्यपुस्तकातली पद्धत लावली असती, तर दुर्बीण अडगळीत गेली असती. गॅलिलिओ मात्र रेटत राहिला.

माजी लॅब असिस्टंट
बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलं लंबक टांगायची. g चं, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाचं, उत्तर ९८१ यायला हवं हे आधीच ठाऊक, म्हणून उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग भरायची. ८७० आलेलं प्रामाणिक जर्नल आमच्या सरांनी परत पाठवलं होतं. वैज्ञानिक पद्धत म्हटलं की मला तेच जर्नल आठवतं.

तर्कट
ही कॉपी झाली, तत्त्वज्ञान नाही!

पद्धत काय करते ते नारळीकरांनी दाखवलं. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४०. कुठली कुणाची ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर बरं. दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांनी या पत्रिका गोळा केल्या होत्या, अंगाऱ्याचं म्हणूनच बोललो.

कुंपणावरचा
अहो, मग हेच तर फायराबेंड मागत होता! नारळीकरांनी सह्या गोळा केल्या नाहीत, पत्रिका वाटल्या.

तर्कट
मागत होता असं तुम्ही म्हणता. त्याचा उपयोग कुणाला झाला ते बघा. गॅलिलिओच्या काळी चर्च त्याच्यापेक्षा जास्त विवेकाने वागलं, असं या गृहस्थांनी लिहून ठेवलं. १९९० मध्ये कार्डिनल रात्सिंगरनी भाषणात नेमकं तेच उचललं. पुढे ते पोप झाले, आणि २००८ मध्ये रोमच्या ला सापिएन्झा विद्यापीठात येणार म्हटल्यावर त्या भाषणावरून ६७ प्राध्यापकांनी निषेधाचं पत्र दिलं.

कुंपणावरचा
म्हणजे पुन्हा सह्याच!

तर्कट
हो. आणि पोपनी भेट रद्द केली.